नवरदेवाचा पोशाख : पैसा कोणाचा आणि थाट कोणाचा?

लग्नसराई जवळ आली की दादरच्या हिंदमाता परिसरात रविवारी पाय ठेवायला जागा नसते. नायगाव, परळ, लालबाग, काळाचौकी, डिलाईल रोड, अगदी गिरगावातूनही आपली मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला तेथे येतात. पूर्वी बस्ता म्हणजे बायकांची खरेदी असे. नवरीची पांढरी साडी, करवलीची साडी, मावशी, आत्या, काकी, मामी यांच्या साड्या, यातच सारा दिवस जाई. नवरदेवाचे काम शेवटच्या अर्ध्या तासात उरकत असे. एक पँटपीस, एक शर्टपीस, फार तर कोटाचे कापड, की झाले.

आता चित्र उलटे झाले आहे. नवरी दोन तासांत मोकळी होते आणि नवरदेव चार दुकाने फिरून पाचव्यात शिरतो. शेरवानी हवी, तिच्यावर ओढणी हवी, मोजडी हवी, गळ्यात मोत्यांचा कंठा हवा, कलगीचा फेटा हवा, कमरेला कट्यार हवी. त्याच्याबरोबर आलेल्या पाच-सहा मित्रांना एकाच रंगाचे कुडते आणि जाकिटे हवीत. दुकानाच्या कोपऱ्यात मुलीचे वडील पिशवी मांडीवर घेऊन बसलेले असतात. त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. बिल झाले की मात्र सगळे त्यांच्याकडे पाहतात.

आम्ही आज या विषयावर लिहीत आहोत ते नवरदेवाच्या हौसेवर पाणी टाकण्यासाठी नव्हे. लग्न एकदाच होते, अंगावर चांगले कापड यावे असे कोणाला वाटणार नाही? पण आपण बौद्ध आहोत. आपल्या लग्नातल्या कपड्याला एक अर्थ आहे, आणि तो अर्थ आपल्या आजोबा-पणजोबांनी फार मोठी किंमत देऊन मिळवलेला आहे. तो डोळ्यांसमोर ठेवून बस्ता बांधावा, एवढेच आमचे सांगणे आहे.

बाबासाहेबांनी काय सांगितले?

आपल्या विवाहविधीविषयी स्वतः परमपूज्य बाबासाहेबांचे मार्गदर्शन उपलब्ध आहे. डिसेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या आधीच्या अगदी शेवटच्या दिवसांत, त्यांनी एका कार्यकर्त्याला पत्राने बौद्ध विवाहाची रीत कळवली. रीत अगदी साधी आहे. होम नाही, सप्तपदी नाही. वधू-वरांच्या मध्ये मातीचे नवे भांडे पाण्याने काठोकाठ भरून ठेवायचे. त्या पाण्यात सुताचा धागा सोडायचा आणि त्याचे एकेक टोक दोघांनी हातात धरायचे. कोणी तरी मंगलसुत्त म्हणायचे. आणि वधू-वर दोघांनीही पांढरी वस्त्रे परिधान करायची. वधू आणि वर, दोघांनीही! आज आपल्याकडे नवरीची साडी पांढरी असावी यावर घरातले सगळे ठाम असतात आणि नवरदेव शेजारी मरून रंगाच्या मखमलीत उभा असतो. नियम पाळायचा तो फक्त बाईने, ही रीत बाबासाहेबांनी सांगितलेली नाही.

पांढऱ्या रंगाची ही परंपरा जुनी आहे. पाली ग्रंथांत गृहस्थ उपासकांना ‘ओदातवसन’ म्हणजे पांढरी वस्त्रे नेसणारे असे म्हटले आहे. भिक्खूंचे चीवर काषाय, उपासकाचे वस्त्र पांढरे. श्रीलंकेत आजही पौर्णिमेच्या दिवशी विहारात जाणारे उपासक-उपासिका पांढऱ्या कपड्यांतच दिसतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेताना बाबासाहेब पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून उभे होते, आणि समोर पांढऱ्या वस्त्रांतला लाखोंचा जनसागर होता. आपल्या घरातला मुलगा लग्नात पांढरे नेसतो तेव्हा तो त्या जनसागराचे नाते सांगत असतो.

साधे म्हणजे गरिबीचे नव्हे

तरुण मंडळी येथे एक प्रश्न विचारतात, आणि तो रास्त आहे. ते म्हणतात, “आमच्या पणजोबांना चांगले कापड अंगावर घालू दिले नाही. आज आम्ही शिकलो, दोन पैसे कमावतो. मग आम्हीच पुन्हा साधे का राहायचे?”

त्यांचे म्हणणे खरे आहे. कपडा ही आपल्यासाठी कधीच नुसती हौसेची गोष्ट नव्हती. इंदूरकडच्या काही गावांतील सवर्णांनी तेथल्या बलाई या अस्पृश्य समाजावर लादलेल्या अटी जानेवारी १९२८ च्या वर्तमानपत्रात छापून आल्या होत्या. जरीकाठी पागोटे बांधायचे नाही. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत. सवर्णांच्या लग्नात मात्र वरातीपुढे वाजंत्री वाजवायची. ज्यांनी हे नाकारले त्यांचे विहिरीचे पाणी तोडले, त्यांच्या गुरांना चरायला बंदी केली, आणि कित्येक कुटुंबांना गाव सोडावे लागले. बाबासाहेबांनी ही हकीकत १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात मुद्दाम नोंदवून ठेवली आहे.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या माता-भगिनींना हाच विषय समजावून सांगितला. अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे जड दागिने टाकून द्या. कापड फाटके असले तरी चालेल, ते स्वच्छ हवे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. कपड्यावरून माणसाची जात ओळखू येऊ नये, ही त्यामागची दृष्टी.

आपल्या गिरणगावातही हेच घडले. कापड आपल्या डोळ्यांदेखत विणले जाई, पण विणाई खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचे सूत आपल्या तोंडाला लागेल म्हणून सवर्ण कामगारांचा विरोध होता. विणाईत मजुरी जास्त, आणि नेमके तेच खाते आपल्याला बंद. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. ज्या सुताला आपल्या माणसाचे ओठ लागू दिले जात नव्हते, त्याच सुताचा धागा हातात धरून आज आपला मुलगा आणि आपली सून लग्नाला उभे राहतात. वाचकहो, यापेक्षा मोठा थाट कोणत्या शेरवानीत आहे?

सुटाला आमचा विरोध आहे असे कोणी समजू नये. खुद्द बाबासाहेब उत्तम शिवलेला सूट वापरत. गोलमेज परिषदेत जगातल्या मोठमोठ्या मुत्सद्द्यांसमोर ते सुटाबुटात बसले आणि कोणापेक्षाही कमी दिसले नाहीत. पण तो सूट ते रोज वापरत, कामाला वापरत. एका संध्याकाळपुरता भाड्याने आणलेला नव्हता. आणि त्यांचे स्वतःचे, माता रमाईंशी झालेले लग्न कोठे लागले? भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा बाजार उठल्यावर, उघड्या छपराखाली!

घोड्यावरच्या वरातीचेही असेच आहे. २०१८ साली उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात निजामपूर गावी एका दलित तरुणाला सवर्ण वस्तीवरून वरात काढता यावी म्हणून महिनोन् महिने अधिकाऱ्यांचे आणि न्यायालयाचे दरवाजे ठोठवावे लागले. अखेर पोलिसांच्या बंदोबस्तात वरात निघाली. तेथे वरात काढणे हा हक्काचा लढा होता आणि त्या तरुणाला आम्ही जय भीम करतो. लालबागच्या रस्त्यावर आपल्या मुलाला घोड्यावरून कोणी उतरवत नाही. तेथे प्रश्न फक्त घोडेवाल्याचे पैसे कोण देणार एवढाच उरतो.

हा थाट कोणाचा?

अलीकडे ‘पेशवाई थाट’ नावाचा प्रकार निघाला आहे. पेशवाई पगडी, अंगरखा, उपरणे, असा सगळा संच भाड्याने मिळतो. तो आपल्याही काही मुलांच्या अंगावर आम्ही पाहिला आहे. १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाऊन विजयस्तंभाला मानवंदना द्यायची आणि मे महिन्यात पेशवाई पगडी चढवून बोहल्यावर उभे राहायचे! पेशव्यांच्या पुण्यात आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. त्याच कमरेला आज आपण हौसेने काय बांधतो आहोत याचा विचार करावा.

कट्यारीचेही तेच. वधू-वर तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर पंचशील घेतात. पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे, आणि नवरदेवाच्या कमरेला कट्यार! बौद्धाचार्य संकोचाने काही बोलत नाहीत, पण त्यांची नजर तिकडे जातेच.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. राजाचे कपडे घालण्याचा मोह फक्त आपल्यालाच होतो असे नाही. श्रीलंकेत विहारात पांढरे नेसणारी माणसे लग्नात मात्र नवरदेवाला कँडीच्या राजवटीतल्या सरदारांचा भरजरी पोशाख चढवतात. परंतु आपली गोष्ट वेगळी आहे. आपण १९५६ साली एका दिवसात जुने सारे टाकून नवे स्वीकारले आहे. बाशिंग गेले, मुंडावळ्या गेल्या, मुहूर्त गेला. जे समोरच्या दाराने घालवले ते शेरवानीच्या खिशातून मागच्या दाराने आणू नये.

पैसा कोणाचा?

आता मुख्य मुद्दा. नवरदेवाच्या अंगावरचे कापड कोणाच्या पैशाने येते?

आपल्याकडे ‘वरपोशाख’ मुलीकडच्यांनी करायचा अशी रूढी अजून जिवंत आहे. हुंडा घेत नाही असे मुलाकडचे छातीठोकपणे सांगतात आणि शेवटी हळूच म्हणतात, “मुलाचा पोशाख तेवढा तुमच्याकडून.” मग त्या पोशाखात बूट येतात, घड्याळ येते, अंगठी येते, भावाचा सूट येतो, मामांना टॉवेल-टोपी येते. हा हुंडाच झाला, फक्त त्याला शिलाई मारलेली आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याप्रमाणे न मागता, रिवाजाने आणि ऐपतीप्रमाणे दिलेली, यादी करून ठेवलेली भेट वेगळी. पण हुंड्याची मागणी करणे हाच गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते दोन वर्षे कैदेची शिक्षा आहे. मागणीला ‘पोशाख’ हे नाव दिल्याने ती मागणी राहत नाही असे नाही.

काही काळापूर्वी एका सोयरिकीच्या बैठकीला आम्ही मध्यस्थ म्हणून हजर होतो. मुलीचे वडील सफाई कामगार, निवृत्तीला दोन वर्षे उरलेली. मुलगी खाजगी दवाखान्यात नोकरीला. मुलाकडच्यांनी शेरवानी आणि करवल्यांचे कपडे मागितले. वडील लगेच म्हणाले, “सोसायटीचे कर्ज काढतो, तुम्ही काळजी करू नका.” तेवढ्यात मुलगी पाण्याचे पेले ठेवता ठेवता थांबली आणि म्हणाली, “बाबा, त्या कर्जाचे हप्ते तुमच्यानंतर माझ्याच पगारातून जाणार. म्हणजे ह्यांचे कपडे मीच विकत घेणार. मग निदान रंग तरी मला विचारा. मला पांढरा हवा.”

बैठकीत कोणाला काय बोलावे ते सुचेना. मुलगा मान खाली घालून बसला होता. दुसऱ्या दिवशी तोच मुलीच्या वडिलांकडे गेला आणि म्हणाला, “काका, माझे कपडे मी घेतो. तुम्ही कर्ज काढू नका.” त्याने स्वतःच्या बोनसमधून पांढरा कुडता-पायजमा शिवला. वरमाय लग्नाच्या दिवशीही थोडी घुश्शातच होती. “लोक काय म्हणतील,” हे तिचे पालुपद चालूच होते. लोक जेवले, वधू-वरांना सदिच्छा देऊन घरी गेले.

वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाला जमाखर्च मांडल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून एक हिशेब देतो. समजा, नवरदेवाचा सगळा साज १५,००० रुपयांचा झाला. सहा मित्रांचे कपडे प्रत्येकी २,५०० रुपये धरले तर आणखी १५,००० झाले. एकूण ३०,०००. मुलाचा पगार १८,००० असेल तर हा दीड महिन्याहून जास्त पगार झाला, आणि तो चार तासांत संपला. भाड्याची शेरवानी सोमवारी दुकानात परत गेली. हप्ता मात्र दर महिन्याला घरी येतो.

मित्रमंडळींचे काय?

करवल्यांची हौस आम्हाला कळते. मित्राच्या लग्नात मित्रांनी एकसारखे दिसावे यात वाईट काहीच नाही. पण ज्याला ते कपडे परवडत नाहीत असा एखादा मित्र प्रत्येक टोळक्यात असतो. तो “मला त्या दिवशी ड्युटी आहे” म्हणतो आणि लग्नाला येतच नाही. एका कुडत्यापायी लहानपणचा मित्र दुरावतो.

यावर साधा उपाय आहे. ज्याच्याकडे जो पांढरा शर्ट किंवा कुडता असेल तो त्याने घालावा आणि सर्वांनी निळा फेटा बांधावा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपण तो बांधतोच. त्याचे कापड घरात असते आणि तो बांधणारा हात वस्तीतच सापडतो. पांढऱ्यावर निळा रंग इतका शोभतो की निराळ्या सजावटीची गरज राहत नाही.

कापड घेताना

आता थोडे व्यवहाराचे. कुडता-पायजमा शिवून घ्यायचा असेल तर मध्यम बांध्याच्या मुलाला ३६ इंच पन्ह्याचे कापड कुडत्याला सुमारे ३ मीटर आणि पायजम्याला सव्वादोन ते अडीच मीटर लागते. कोट-पँट शिवायची तर ५८ इंच पन्ह्याचे ३ ते सव्वातीन मीटर. उंच मुलासाठी पाव-अर्धा मीटर जास्त घ्यावे. मीटरवर कापड घ्यायला हिंदमाता जवळचे. वेळ असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळचे मंगलदास मार्केट पालथे घालावे.

सुती कापड आटते. म्हणून शिंप्याकडे देण्याआधी ते एक रात्र पाण्यात भिजवून वाळवावे. टेरिकॉटला सुरकुती कमी पडते, पण मे महिन्यात बंद हॉलमध्ये घामाने जीव नकोसा होतो. तेव्हा सुतीच बरे. पांढऱ्यातही छटा असतात, एक निळसर आणि एक दुधाळ. वधूची साडी दुधाळ आणि वराचा कुडता निळसर असला तर फोटोत एक कपडा मळका वाटतो. साडीचा तुकडा किंवा पदर बरोबर नेऊन दुकानाबाहेर, दिवसाच्या उजेडात कापड जुळवून पाहावे. पांढरे कापड पातळ असेल तर आतला रंगीत गंजीफ्रॉक दिसतो, हेही ध्यानात ठेवावे.

शिंप्याला महिना-दीड महिना आधी माप द्यावे. कच्ची शिलाई झाल्यावर एकदा घालून, खाली मांडी घालून बसून पाहावे. विधीच्या वेळी बराच वेळ बसावे लागते. काही घरांत अजून हळद खेळतात. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि पांढऱ्यावर ठसठशीत दिसतो. तो धुऊन कडक उन्हात टाकला तर बराचसा उडतो. पण मुळात लग्नाचा कुडता त्या दिवशी पेटीतच राहू द्यावा.

आणि हा कुडता लग्नानंतर जपून ठेवण्याची वस्तू नव्हे, तो वापरण्याची वस्तू आहे. बुद्ध पौर्णिमेला घालावा. १४ एप्रिलला घालावा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घालावा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहताना घालावा. नीळ-खळ करून दर वर्षी चार-पाच वेळा घातला तर तो कित्येक वर्षे टिकतो. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला नवरा-बायको त्याच पांढऱ्या कपड्यांत विहारात वंदनेला गेले तर त्याहून सुंदर वाढदिवस कोणता?

बस्त्याला निघण्यापूर्वी

सुपारी फुटण्याच्या वेळीच, सर्वांसमोर दोन गोष्टी बोलून घ्याव्यात. एक, नवरदेवाचे कपडे नवरदेव स्वतःच्या पैशाने घेईल आणि नवरीचे कपडे नवरीचे घर घेईल. एकमेकांना काही द्यायचेच तर पुस्तक द्यावे. दोन, करवल्यांच्या कपड्यांचा खर्च कोणाच्याही आई-बापावर पडणार नाही. मुलाच्या आईने हे स्वतःच्या तोंडाने सांगितले तर फार चांगले, कारण मुलीचे वडील हा विषय स्वतःहून काढू शकत नाहीत. आपल्या मंडळांनी आणि बौद्धाचार्यांनीही तारीख ठरवायला आलेल्या कुटुंबाला कपड्यांविषयी दोन शब्द आधीच सांगावेत. हॉलमध्ये सर्वांदेखत टोकण्यापेक्षा ते बरे.

उपवर तरुणांनो, पुढच्या रविवारी हिंदमाताला जाल तेव्हा दुकानाच्या कोपऱ्यात पिशवी घेऊन बसलेल्या त्या माणसाकडे एकदा नीट पाहा. त्यांच्या हातातली पिशवी घ्या, त्यांना चहा पाजा, आणि आपल्या कपड्याचे पैसे आपल्या खिशातून मोजा. त्या कपड्यात तुम्ही जितके रुबाबदार दिसाल तितके दुसऱ्या कशातही दिसणार नाही.

जय भीम!